आंबगुळी

आंबगुळी (शास्त्रीय नाव : इलिॲग्नस कॉन्फेर्टा, कुल : इलिॲग्नेसी) हे सह्याद्रीच्या भरपावसाच्या डोंगरमाथ्यांवरचे मोठे, काटेरी, शेजारच्या झाडावर चढणारे झुडूप आहे. महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली या भागांतल्या जंगलांत ते आढळते. काही ठिकाणी त्याला आंबगूळ किंवा नेर्ली म्हणतात.

ओळखायचे ते फळावरून नव्हे, पानावरून. फळ वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने असते, पान बारमाही. पाने एकाआड एक येतात. वरून हिरवी, पण उलटली की चांदीचा वर्ख लावल्यासारखी, मधूनमधून तांबूस ठिपके. अंगठ्याने चोळले तर चकाकती भुकटी बोटाला लागते. भिंगाखाली तिचे कण बारीक गोल खवल्यांसारखे दिसतात. कोवळ्या फांद्यांवर हेच खवले गंजाच्या रंगाचे असतात. वाऱ्याने पाने उलटली की दाट रानातही वेल लांबून चमकते.

हिवाळ्यात पानांच्या बगलेत फिकट पिवळसर, सुवासिक फुलांचे झुबके येतात. ‘कॉन्फेर्टा’ म्हणजे दाटीवाटीने असलेले. फुलाला पाकळ्या नसतात. चार टोकांची नळी दिसते ती निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्याची. याच नळीचा खालचा भाग पुढे मांसल होऊन बीभोवती गर धरतो. म्हणून दिसायला बोरासारखे असले, तरी हे बोरासारखे खरे आठळीफळ नव्हे.

फळ लांबट, दोन-तीन सेंटिमीटरचे. पिकल्यावर गुलाबी-लाल, आणि अंगावर तेच रुपेरी ठिपके. कच्चे तुरट, घसा धरणारे, पिकलेले आंबटगोड. नावात आंबट आणि गूळ दोन्ही ऐकू येतात, पण जिभेला आंबटच आधी कळते. तिखटमीठ लावून खाणे उत्तम. आत एकच लांब बी, तिच्यावर आठ कंगोरे. गर चोखून संपला की ते जिभेला स्पष्ट लागतात.

शेजारीच वाढणाऱ्या करवंदाशी गल्लत होण्याचे कारण नाही: त्याची पाने समोरासमोर, पान तोडताच चीक येतो, फळ काळे. तोरण या रानझुडपाचे फळ पांढरे आणि पानावर बुडापासून तीन ठळक शिरा. खरा घोळ पुस्तकांतला आहे. जुन्या वनस्पतिसूचींत सह्याद्रीतली आंबगुळी ‘इलिॲग्नस लॅटिफोलिया’ या नावाखाली सापडते. ती जात ईशान्य भारताची. मेघालयात खासी लोक तिला सोह-शांग म्हणतात.