कृष्णेची पातळी आणि प्रसारणाचा क्रम

कृष्णेचं पाणी चढू लागलं की सांगलीत सगळ्यांचा प्रश्न एकच: आयर्विन पुलाजवळ किती फूट? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पातळी ५७ च्या वर गेली होती. हे उत्तर प्रत्येक मोबाइलला वेगळं पाठवलं तर टॉवरची ताकद त्यातच खर्ची पडते. प्रसारित केलं तर ऐकणारे दहा असोत की दहा हजार, भार तेवढाच. मात्र आपली माहिती येईपर्यंत थांबावं लागतं, आणि किती थांबायचं ते क्रम ठरवतो.

हा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे. बीबीसीच्या सीफॅक्स या टेलिटेक्स्ट सेवेत (टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पानं दाखवणारी सेवा) १९७४ पासून पानं चक्राकार फिरत. रिमोटवर क्रमांक दाबून पान येण्याची वाट बघायची. अम्मार आणि वाँग या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचं गणित मांडलं: पान मागणीच्या नव्हे, मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पाठवावं.

समजा पातळी, धरणाचा विसर्ग आणि बंद रस्ते यांची मागणी ४:१:१ आहे आणि प्रत्येक संदेशाला १० सेकंद लागतात. तिन्ही पाळीपाळीने पाठवले तर सरासरी १५ सेकंद थांबावं लागतं. ४ चं वर्गमूळ २, म्हणून पातळी दोनदा, पातळी–विसर्ग–पातळी–रस्ते असा क्रम लावला तर साधारण १३.३. मागणीइतकीच, म्हणजे चार वेळा पातळी घुसडली, तर कितीही नीट पसरली तरी १५.६, उलट तोटाच. आणि पातळी–पातळी–विसर्ग–रस्ते? पुन्हा १५. संदेश दोनदा जातो, पण पाठोपाठ गेल्याने कमावलेलं सगळं वाया. १९९५ मध्ये संशोधकांनी मांडलेल्या ‘ब्रॉडकास्ट डिस्क’ या प्रसारण-पद्धतीने म्हणूनच एका संदेशाच्या दोन फेऱ्यांमध्ये समान अंतर ठेवण्यावर भर दिला.

त्याच्या वर्षभर आधी इमिएलिन्स्की, विश्वनाथन आणि बद्रिनाथ यांनी बॅटरीचा विचार केला. चक्रात मधेमधे कोणता संदेश कधी येणार याची सूची पाठवायची. ती वाचून फोन आपल्या संदेशाच्या वेळेपर्यंत झोपतो. सूची फार वेळा पाठवली तर चक्र लांबतं, कमी पाठवली तर सूचीचीच वाट बघावी लागते.

जीएसएम या मोबाइल तंत्रातल्या सेल ब्रॉडकास्टमध्ये, म्हणजे टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम संदेश पाठवण्याच्या सोयीत, एक पान ८२ बाइटचं, एका संदेशात जास्तीत जास्त १५ पानं, आणि एका पानाला १.८८३ सेकंद. पूर्ण लांबीचा संदेश म्हणजे सुमारे २८ सेकंद, तेवढा वेळ त्या चॅनेलवर बाकीचे संदेश खोळंबतात. इंग्रजीत पानावर ९३ अक्षरं बसतात, देवनागरीत जेमतेम ४१, त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात: ‘आयर्विन’ या एका शब्दालाच सात जागा लागतात. त्यामुळे मराठी इशाऱ्यात आधी आकडा, मग ठिकाण, मग काय करायचं ते. ‘नागरिकांना कळविण्यात येते की’ला जागा नाही.