गाडीचा विमा वेगळा, गाडी चालवणाऱ्याचा विमा वेगळा

घरात गाडी एक, ती बाबांच्या नावावर आणि चालवणारे चौघे: थोरला, धाकटा, सून आणि सुट्टीत आलेला भाचा. अशा घरात दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. भाच्याने गाडी ठोकली तर विमा मिळेल का? आणि त्या अपघातात भाच्यालाच काही झालं तर? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा ‘नाही’. पण दोन्हीचे पैसे एकाच पॉलिसीत, एकाच वेळी भरलेले असतात. त्यामुळे ‘गाडीचा फुल इन्शुरन्स आहे’ म्हटलं की चौघांचंही सगळं झालं, असं घर धरून चालतं. या गैरसमजाची किंमत घरातला माणूस गेल्यावर कळते, आणि तेव्हा काही करता येत नाही.

आधी गाडीचा विमा पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई करणारा विमा, सक्तीचा आहे, आणि तो गाडीला चिकटलेला असतो, चालकाला नाही. पॉलिसीच्या कागदावर ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ म्हणून एक छोटा परिच्छेद असतो. त्यात, विमा घेणाऱ्यासह कोणीही गाडी चालवू शकतं, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो लायसन्ससाठी अपात्र ठरलेला नसावा, असं लिहिलेलं असतं. शिकाऊ लायसन्सवालाही चालतो, मात्र शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा आणि गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी हवी. म्हणजे थोरला, धाकटा, सून, भाचा यांची नावं पॉलिसीत घालायची गरज नाही. शेजाऱ्याने रात्री दवाखान्यात जायला गाडी नेली तरी पॉलिसी तीच.

इंग्लंडमध्ये साधारणपणे पॉलिसीत नावं असलेल्यांनाच ती गाडी चालवता येते. अमेरिकेतही घरातल्या चालकांची नावं कंपनीला कळवावी लागतात. तिकडे राहून आलेली मंडळी म्हणूनच इथे विचारतात, ‘माझं नाव पॉलिसीत घातलंय ना?’ इथे त्यांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपलं भारतातलं लायसन्स अजून जिवंत आहे का? नसेल तर नुसत्या अमेरिकेच्या लायसन्सवर भागत नाही, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं.

तर भाच्याने पार्किंगच्या खांबाला घासून बंपर फोडला आणि पॉलिसीत गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, असेल तर क्लेम होतो. फॉर्मवर चालकाचं नाव, मालकाशी नातं आणि लायसन्सचा नंबर विचारतात. तिथे खरं नाव लिहा. ‘बाबाच चालवत होते असं लिही, सोपं पडेल’ असा सल्ला देणारे भेटतात. त्याची काही गरज नसते आणि खोटं उघडं पडलं तर चांगला क्लेमही हातचा जातो. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये एवढी सक्तीची वजावट आपल्या खिशातून जाते.

खरा फटका एनसीबीला, म्हणजे नो क्लेम बोनसला, बसतो. क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी ही सवलत 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत 50 टक्क्यांवर जाते. ती बाबांची कमाई असते आणि एका क्लेमने शून्यावर येते. चारजण चालवतात त्या गाडीला ओरखडे जास्त लागणारच. म्हणून किरकोळ काम असेल तर आधी गॅरेजचा अंदाज आणि पुढच्या हप्त्यात जाणारी सवलत यांची तुलना करावी, मगच क्लेमचं ठरवावं.

लायसन्सचं मात्र कुणीही सहज घेऊ नये. संपलेल्या लायसन्सला पूर्वी 30 दिवसांची मुभा होती, ती 2019 च्या दुरुस्तीने काढून टाकली. मालकाने जाणूनबुजून लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली आणि रस्त्यावरचा कोणी जखमी झाला, तर ओन डॅमेजचा क्लेम तर फेटाळला जातोच, पण भरपाईचा बोजाही फिरून मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालानंतर न्यायाधिकरणं अशा प्रकरणांत कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. जखमीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण वसुलीची नोटीस बाबांच्या नावावर येते. आणि गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल, तर कलम 199ए खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द.

आता दुसरा विमा. पॉलिसीचं पहिलं पान काढा. प्रीमियमच्या तक्त्यात एका बाजूला ओन डॅमेजचे आकडे असतात, दुसऱ्या बाजूला लायबिलिटीचे. लायबिलिटीच्या रकान्यात बेसिक थर्ड पार्टीखाली एक ओळ असते: ‘पीए कव्हर फॉर ओनर-ड्रायव्हर’, रक्कम 15 लाख. हाच तो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा. सप्टेंबर 2018 पर्यंत तो मोटारीसाठी दोन लाख आणि दुचाकीसाठी एक लाख एवढाच होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, तो 15 लाखांवर नेला.

हे 15 लाख कुणाचे? यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तो माणूस आरसीवरचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसी त्याच्याच नावावर हवी, आणि अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. मालक स्वतः चालवत असो किंवा सहचालक म्हणून बसला असो, मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी. दारूच्या अमलाखाली असेल तर काही नाही. हॉस्पिटलचं बिल या विम्यातून भागत नाही, त्यासाठी मेडिक्लेमच लागतो.

आता आपल्या चौघांना या अटी लावून पाहा. थोरला आरसीवर नाही, धाकटा नाही, सून नाही, भाचा तर नाहीच. उरले बाबा. बाबांचं वय 74, गाडी चालवणं त्यांनी कधीच सोडलं आणि लायसन्स संपून चार वर्षं झाली. म्हणजे दरवर्षी ज्या कव्हरचा हप्ता भरला जातो, तो या घरात एकालाही लागू नाही. आईच्या नावावर गाडी घेतली आणि आईने लायसन्स कधी काढलंच नाही, तिथेही हेच. नियमाप्रमाणे वैध लायसन्स नसलेल्या मालकाला हे कव्हर द्यायचंच नसतं, पण ऑनलाइन नूतनीकरणात आधीच खूण केलेला चौकोन कोणी पाहत नाही. कंपनी किंवा फर्मच्या नावावरच्या गाडीलाही हे कव्हर मिळत नाही.

यावर लोक विचारतात, ‘मग थर्ड पार्टीतून तरी चालकाला मिळेल ना?’ इथेच सगळ्यात मोठा घोळ आहे. थर्ड पार्टी विमा म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर मालकावर येणारं देणं कंपनीने भागवायचं. भाच्याने गाडी मागून घेतली की कायद्याच्या नजरेत तो मालकाच्या जागी उभा राहतो, आणि स्वतःच्याच चुकीची भरपाई स्वतःकडून मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निंगम्मा प्रकरणात आणि 2020 मध्ये रामखिलाडी प्रकरणात हेच धरलं. रामखिलाडी प्रकरणात दुसऱ्याची मोटारसायकल चालवणाऱ्याच्या वारसांना न्यायालयाने मालकाच्या जागी मानून करारातले मालक-चालकाचे एक लाख दिले, हे खरं. पण ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. आपल्या घराची आर्थिक तजवीज त्या आशेवर सोडणं मला पटत नाही.

दुसऱ्या गाडीची चूक असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा भाचा त्या गाडीच्या दृष्टीने तिसरा पक्ष असतो आणि तिच्या विमा कंपनीकडून रीतसर भरपाई मागता येते. पण घाटात गाडी कठड्याला धडकली, पहाटे डुलकी लागून झाडावर गेली, अशा एकट्या गाडीच्या अपघातात चालकाच्या मागे कोणीच उभं नसतं. गणपतीला रात्रभर गाडी चालवत कोकणात जाणाऱ्या घरांनी हे आधी वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पगारी ड्रायव्हरचा प्रकार आणखी निराळा. त्याच्यासाठी ‘लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर’ ही स्वतंत्र ओळ असते, जुन्या टॅरिफप्रमाणे वर्षाला 50 रुपयांची. कामावर असताना त्याला इजा झाली, तर मालकावर येणारी कायदेशीर भरपाई त्यातून भागते. ती घरच्या माणसाला लागू नाही. प्रवाशांसाठीचं कव्हर हेही वेगळं कलम आहे, त्यात एका माणसामागे दोन लाखांपर्यंतची रक्कम घेता येते.

मग चौघे चालवतात त्या घराने करायचं काय? जो सगळ्यात जास्त चालवतो त्याच्या नावावर गाडी असेल तर 15 लाखांचा काही अर्थ राहतो. नसेल, तर चालवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाची साधी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ती कोणत्याही गाडीत, एसटीत, रस्ता ओलांडतानाही लागू असते. मालकाकडे अशी किमान 15 लाखांची पॉलिसी आधीच असेल तर जानेवारी 2019 पासून गाडीबरोबर पुन्हा घ्यायची सक्ती नाही. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना दोन लाखांची आहे, 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने ती जरूर घ्यावी, पण ती 15 लाखांची जागा घेत नाही. आणि पॉलिसीवर नॉमिनीचा रकाना रिकामा किंवा ‘लीगल हेअर’ असा मोघम भरलेला असेल, तर आजच नाव घालून घ्या.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्याकडे फार घडते. बाबा जातात, गाडी त्यांच्याच नावावर राहते आणि मुलं वर्षानुवर्षं बाबांच्या नावानेच पॉलिसी रिन्यू करत राहतात. मालक गेल्यावर चालू पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच टिकते. त्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, आरसी आणि जुनी पॉलिसी घेऊन गाडी आणि विमा दोन्ही स्वतःच्या नावावर करून घ्यायचे. आरटीओतही मृत्यूची खबर 30 दिवसांत द्यायची आणि नाव बदलण्याचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. गाडी पत्नीच्या, मुलांच्या किंवा आई-वडिलांच्या नावावर होत असेल, तर जमा झालेला एनसीबीही त्यांच्याकडे जातो.