साठवण विश्वास कोणावर ठेवते? प्रयोगशाळेतल्या लिनक्स सर्व्हरांची पार्श्वभूमी

प्रयोगशाळेत सामायिक लिनक्स सर्व्हर वापरणाऱ्यांच्या काही तक्रारी ठरलेल्या असतात. ग्रुपमध्ये नाव घातले तरी प्रकल्पाचा फोल्डर उघडत नाही. स्वतःच्या डेस्कटॉपवर होम डिरेक्टरी (सर्व्हरवरचा स्वतःचा फोल्डर) माउंट करून, म्हणजे जोडून, मिळत नाही. डॉकर (कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात प्रोग्रॅम चालवण्याचे साधन) मागितले की नकार येतो. तिन्ही गोष्टींचे मूळ एनएफएस या नेटवर्कवरून फाइल वाटणाऱ्या प्रोटोकॉलच्या जन्माच्या वेळी, म्हणजे १९८४ च्या सुमारास, घेतलेल्या एका निर्णयात आहे. फाइल मागणारा माणूस कोण हे साठवणीच्या सर्व्हरने तपासायचे नाही; क्लायंट मशीन (ज्यावरून मागणी येते ते) जो यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, सांगेल तो खरा धरायचा, असा तो निर्णय.

त्या काळात तो वाजवी होता. वर्कस्टेशन महाग होती, मोजकी होती आणि त्यांचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड फक्त ॲडमिनकडे असे. १०२४ च्या खालचा पोर्ट रूटलाच उघडता येतो, म्हणून अशा पोर्टवरून आलेली मागणी विश्वासू मशीनचीच असणार, एवढी खात्री पुरेशी मानली गेली. प्रोटोकॉलच्या बाकीच्या मर्यादा पुढे गळून पडल्या. दुसऱ्या आवृत्तीत फाइल २ जीबीच्या वर जात नसे आणि प्रत्येक लेखन डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हर उत्तर देत नसे. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ६४ बिट ऑफसेट (फाइलमधली जागा सांगणारा आकडा) आणले आणि आधी लेखन, मग एकदाच कमिट, म्हणजे डिस्कवर पक्के करणे, अशी सोय केली. ओळख पटवण्याची जुनी रीत मात्र तशीच राहिली. आजही माउंट करताना वेगळे काही सांगितले नाही, तर बहुतेक ठिकाणी तीच चालते. पर्यायाचे नाव 'सेक=सिस'.

या रीतीत प्रत्येक मागणीसोबत जाते ते एवढेच: मशीनचे नाव, यूआयडी, प्राथमिक जीआयडी (ग्रुपचा क्रमांक) आणि जास्तीत जास्त १६ पूरक ग्रुप. सही नाही, गुपित नाही. पहिली तक्रार या १६ च्या आकड्यातून येते. जुना संशोधक दहा-बारा प्रकल्पांत असतोच. त्यात सॉफ्टवेअर परवान्यांचे आणि उपकरणांचे ग्रुप मिळाले की यादी सहज सतरावर जाते. मग 'आयडी' कमांडमध्ये ग्रुप दिसतो, 'एलएस -एल' मध्ये ग्रुपला परवानगी दिसते, आणि तरीही 'परमिशन डिनाइड' येते. लिनक्सवर ही यादी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने असते, त्यामुळे गळतो तो बहुधा सर्वांत नवा ग्रुप, म्हणजे नेमका कालच मिळालेला. परवानग्या पुन्हा पुन्हा बदलून काही होत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे 'न्यूग्रुप' कमांडने तो ग्रुप प्राथमिक करणे, कारण प्राथमिक जीआयडी वेगळा पाठवला जातो. कायमचा उपाय सर्व्हरवर आहे: माउंटडी या माउंटच्या मागण्या हाताळणाऱ्या सेवेला 'मॅनेज-जीआयडीज' पर्याय दिला की तो क्लायंटची यादी बाजूला ठेवतो आणि यूआयडीवरून ग्रुप स्वतः शोधतो. त्यासाठी सर्व्हरलाही तीच एलडॅप निर्देशिका (खाती आणि ग्रुप यांची मध्यवर्ती यादी) दिसली पाहिजे. शिवाय ही माहिती मुळात १८०० सेकंद कॅशमध्ये राहते, म्हणून नवे नाव घातल्यावर अर्धा तास जुनेच उत्तर मिळू शकते.

विश्वासाचा पाया खऱ्या अर्थाने ढासळला तो १९९० च्या दशकात, जेव्हा लिनक्समुळे कोणाच्याही टेबलावरच्या पीसीवर रूट मिळू लागला. सर्व्हरवर 'रूट_स्क्वॅश' पर्याय असल्यावर सगळे सुरक्षित, हा समज अजून भेटतो आणि तो चुकीचा आहे. तो पर्याय शून्य क्रमांकाच्या, म्हणजे रूटच्या, मागणीला ६५५३४, म्हणजे 'नोबडी', करतो. बाकी एकाही क्रमांकाला हात लावत नाही. ज्याच्या हाती रूट आहे तो सहकाऱ्याचा यूआयडी असलेले खाते आपल्या मशीनवर तयार करतो, 'एसयू' करून त्या खात्यात शिरतो आणि सर्व्हरच्या दृष्टीने तो सहकारीच ठरतो. डेस्कटॉपवर माउंट नाकारतात ते यामुळे. नोंदी पाहूनही काही कळत नाही, कारण सर्व्हरकडे पोचलेला आकडा बरोबरच असतो.

२०१३ नंतर डॉकरने हाच धोका सामायिक सर्व्हरच्या आत आणला. 'डॉकर' ग्रुपचा सदस्य यजमान मशीनची पूर्ण फाइलव्यवस्था कंटेनरमध्ये रूट म्हणून जोडू शकतो, आणि तिथून कोणताही यूआयडी घेऊ शकतो. एनएफएसवर सर्वांची होम असलेल्या सर्व्हरवर त्या ग्रुपमध्ये नाव घालणे म्हणजे सर्वांच्या फाइल खुल्या करणे. सिंग्युलॅरिटी, म्हणजे आताचे ॲपटेनर, हे कंटेनरचे दुसरे साधन संशोधन केंद्रांत रुजले ते यामुळेच: आतली प्रक्रिया चालवणाऱ्याच्याच यूआयडीने धावते. रूटविना चालणारा पॉडमॅन हा कंटेनर-प्रोग्रॅमही योग्य, पण त्याचा इमेजसाठा (कंटेनरच्या तयार साच्यांचा साठा) मुळात होममध्ये जातो. इमेज उलगडताना तो फाइल दुय्यम यूआयडींच्या (त्या वापरकर्त्याला दिलेल्या जादा क्रमांकांच्या) नावे करू पाहतो आणि एनएफएस सर्व्हर ते नाकारतो. साठ्याचा मार्ग स्थानिक डिस्कवर वळवला की अडचण सुटते.

मग करबेरॉस, म्हणजे तिकिटाने ओळख पटवणारी प्रणाली, का नाही? खरा वाद इथे आहे. एनएफएससाठी करबेरॉसचा पाया असलेले मानक १९९७ चे आहे आणि चौथ्या आवृत्तीने त्याचा आधार सक्तीचा केला. त्यात माणसाला तिकीट मिळते आणि सर्व्हर ते तपासतो. खोटा यूआयडी चालत नाही. तरीही असंख्य प्रयोगशाळांनी ते टाळले, आणि हा निव्वळ आळस होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिकीट साधारण १० ते २४ तास टिकते. संध्याकाळी टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही चालू राहणाऱ्या सत्रात) लावलेला तीन दिवसांचा जॉब दुसऱ्या दिवशी निकाल लिहायला जातो तेव्हा त्याला नकार मिळतो. 'के-रिन्यू'ने तिकीट वाढवता येते, पण नूतनीकरणाची मुदतही बहुधा सात दिवसांवर थांबते. ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या क्रॉनजवळ तिकीट नसतेच. सर्वांत चक्रावून टाकते ते एसएसएच या दूरच्या मशीनवर जाण्याच्या साधनात पासवर्डऐवजी कीने केलेले लॉगिन: की तपासण्यासाठी 'ऑथराइज्ड_कीज' फाइल वाचावी लागते, ती होममध्ये असते, आणि होम वाचायला तिकीट लागते. की मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवून लॉगिन साधले, तरी आत गेल्यावर होम बंदच.

पळवाट म्हणून लोक कीटॅब फाइल (पासवर्डशिवाय तिकीट मिळवून देणारी गुप्त की) करून डिस्कवर ठेवतात. मग कीटॅब चोरणारा त्या माणसाच्या नावाने हवे तेवढे वावरतो, आणि करबेरॉस ज्यासाठी आणले ते साधत नाही. आमच्या मते गणनेच्या नोडवर, जिथे रूट फक्त ॲडमिनकडे आहे आणि नेटवर्क वेगळे आहे, 'सेक=सिस' ठेवण्यात गैर नाही. वैयक्तिक मशीनना मात्र तोच एक्सपोर्ट (सर्व्हरने वाटायला काढलेला फोल्डर) देणे बेजबाबदारपणाचे आहे, मग त्या मशीनच्या मालकाचे पद कितीही मोठे असो. सर्वाधिक घोटाळा होतो तो एक्सपोर्टच्या यादीत एकेका यजमानाऐवजी पूर्ण सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा अख्खा गट) लिहिल्याने: दोन वर्षांनी त्याच सबनेटमध्ये कोणीतरी लॅपटॉप जोडतो आणि तो आपोआप विश्वासू ठरतो.

२०२२ मध्ये आरपीसीवर (एनएफएसच्या मागण्या वाहणाऱ्या यंत्रणेवर) टीएलएस हे कूटबद्धतेचे कवच चढवण्याचे मानक आले आणि २०२३ च्या लिनक्स कर्नेलांत ते पोचले. 'एक्सपीआरटीसेक=एमटीएलएस' लावले की वाटेतला मजकूर कूटबद्ध होतो आणि मशीनला प्रमाणपत्र दाखवावे लागते. आयपी पत्त्यावर विसंबण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण सिद्ध होते ती मशीनची ओळख; त्या मशीनवरचा रूट अजूनही हवा तो यूआयडी सांगू शकतो.

म्हणून लॅपटॉपसाठी एसएसएचएफएस (एसएसएचवरून फोल्डर जोडणे) किंवा आरसिंक (फाइलींच्या प्रती आणणे-नेणे) हीच वाट राहते. फ्यूज, म्हणजे रूटशिवाय फाइलव्यवस्था जोडू देणारी सोय, २००५ मध्ये लिनक्स कर्नेलमध्ये आले तेव्हापासून एसएसएचएफएस सामान्य वापरकर्त्याला स्वतः माउंट करता येते, आणि परवानगी सर्व्हरवर त्याच्याच खात्याने तपासली जाते. हजारो छोट्या फाइल असल्या की ते रेंगाळते. अशा वेळी सर्व्हरवरच टार करून, म्हणजे सगळ्यांचा एक गठ्ठा बांधून, एकच फाइल न्यावी. मोठी फाइल मध्येच तुटत असेल तर आरसिंकला 'पार्शल' पर्याय द्यावा, म्हणजे पोचलेला भाग पुढच्या खेपेला उपयोगी पडतो. एसएसएचएफएसला 'रीकनेक्ट' आणि 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=१५' दिले नाही, तर वायफाय बदलल्यावर ते माउंट अडकून बसते आणि त्या डिरेक्टरीत साधे 'एलएस'ही परत येत नाही. तसे झाल्यास 'फ्यूजरमाउंट -यूझेड' ने ते सोडवावे आणि नव्याने जोडावे.