मानमोडीच्या साली रांगणारं पोर

कोल्हापुरात सध्या कुणी जातपडताळणीसाठी वंशावळ काढतंय, कुणी वारसनोंदीसाठी, तर कुणी नुसत्या हौसेनं. कागद भराभर जमतात, पण कुठली माहिती कुठून मिळाली हे लिहून ठेवायचं राहतं. पुढं सगळा घोळ तिथूनच होतो.

माझ्या पणजोबांचंच बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांची जन्मतारीख 1 जून 1913 आहे. आजी मात्र ठामपणे सांगायची, "मानमोडी आली तवा आबा रांगत हुते, त्यांची आईच सांगायची." मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. खरं कुणाचं धरायचं? कागद म्हणून रजिस्टरच खरं, असं मीही बरेच दिवस धरून चाललो होतो.

मग 1933 सालची वारसनोंद हाती लागली. त्यात पणजोबांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'अज्ञान, पालक आई'. अज्ञान म्हणजे कायद्यानं अल्पवयीन. जन्म 1913 चा असता तर ते तेव्हा वीस वर्षांचे असते. वीस वर्षांचा माणूस अज्ञान कसा? आजीच्या हिशेबानं मात्र ते पंधरा-सोळाचे होतात आणि नोंद चपखल बसते. शिवाय 1 जून ही तारीख आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांची आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग मास्तर वयाचा अंदाज घेऊन 1 जून लावून टाकायचे.

हीच छाननी नीट मांडून ठेवायला वंशावळीचं सॉफ्टवेअर कामी येतं. मी ग्रॅम्प्स वापरतो. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्यात माणूस वेगळा नोंदवतात आणि पुरावा वेगळा. रजिस्टर एकदाच नोंदवायचं, मग प्रत्येक घटनेला त्यातलं पान नि अनुक्रमांक जोडायचा. पुरावा किती भरवशाचा, हे अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत पाच पायऱ्यांत ठरवता येतं. तारखेला 'सुमारे', 'पूर्वी', 'नंतर' असंही लावता येतं. पणजोबांचा जन्म मी 'सुमारे 1917' असा ठेवला आणि 1 जून 1913 पर्यायी जन्मनोंद म्हणून कमी भरवशाच्या पायरीवर ठेवली. ती पुसली नाही. उद्या आणखी एखादा कागद निघाला तर ती पुन्हा तपासावी लागेल.

भावकीतल्या तीन घरांत एकच वंशावळ सापडली म्हणून पुरावे तीन होत नाहीत. तिघांनीही एकाच मूळ कागदाची झेरॉक्स काढलेली असते. पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांची बेरीज होते.

नात्याचा प्रकारही नोंदवावा लागतो. राजर्षी शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे, 17 मार्च 1884 रोजी करवीरच्या गादीवर दत्तक आले. रक्ताची रेषा कागलला जाते, वारशाची छत्रपतींकडे. एकच रेघ ओढली की दुसरी खोटी ठरते. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आईवडील जोडून एकीकडे 'जन्म' आणि दुसरीकडे 'दत्तक' लिहिता येतं. आपल्या घरातल्या दत्तकांनाही हाच न्याय लावावा.

जुन्या कागदावर शालिवाहन शकाचं साल असेल तर इसवी सन काढायला 78 मिळवतात, पण पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदललेलं असलं तर 79. म्हणून मूळ मिती जशीच्या तशी लिहावी, हिशेब शेजारी मांडावा.

माहितीची देवाणघेवाण जेडकॉम या फाइलप्रकारात होते. तो 1984 चा. 2021 च्या 7.0 आवृत्तीत युनिकोड सक्तीचं आहे, त्यामुळं देवनागरी नावं नीट जातात. फाइल दुसऱ्याला देताना पुरावेही सोबत जाताहेत ना, एवढं बघा. जिवंत माणसांचा तपशील मात्र वगळा.

आमच्याकडं नंदीबैल घेऊन हेळवी येतात, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारे लोक. त्यांच्या चोपडीतल्या आमच्या पानाचे फोटो मी पणजोबांच्या नोंदीला जोडलेत. त्या पानावर पुरुषांचीच नावं आहेत. पणजोबांच्या थोरल्या बहिणीचं नाव तिथंही नाही. माझ्या झाडात तिची जागा आहे, नाव रिकामं आहे, आणि पुरावा म्हणून आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग जोडलंय: "एक बहीण हुती, राधानगरीकडं दिलेली."