घरासमोरील पदपथावरचा बर्फ हटवण्याची सक्ती

उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ भागात बहुतेक शहरांचा नियम असा आहे की, घरासमोरचा पदपथ सार्वजनिक असला तरी त्यावर पडलेला बर्फ ठरलेल्या मुदतीत घरमालकाने काढायचा. मुदत टळली की नोटीस येते, दंड होतो, किंवा पालिका माणसे लावून काम उरकते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. रस्त्यावरचा बर्फ मात्र पालिकेचीच यंत्रे हटवतात. मोटारींची वाट करदात्यांच्या पैशाने मोकळी होते आणि चालणाऱ्याची वाट वस्तीतल्या प्रत्येकाच्या फावड्यावर सोडली जाते. या नियमाबद्दलचे बहुतेक वाद याच विषमतेतून निघाले आहेत.

वाद जुनाच आहे. बॉस्टनच्या अशा उपविधीला, म्हणजे पालिकेच्या स्थानिक नियमाला, आव्हान दिले गेले, तेव्हा 1835 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी तो वैध ठरवला. हा कर नव्हे, कर्तव्य आहे. पदपथालगत राहणारा माणूस हे काम सर्वांत लवकर आणि सोयीने करू शकतो, आणि ते त्या स्थितीतल्या सर्वांवर सारखेच लादलेले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1878 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमिंग्टन शहराच्या खटल्यात नेमके उलट ठरवले: पदपथावर लगतच्या मालकाचा इतरांहून वेगळा हक्क नाही, मग ओझे त्याच्या एकट्याच्या माथी का? पुढे बहुतेक शहरांनी शॉ यांचीच वाट धरली. त्यांचा मुद्दा सोयीचा होता. म्हातारा, आजारी किंवा कामावर अडकलेला घरमालक मात्र त्या सोयीत बसत नाही.

मुदतीचे हिशेब शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ थांबला तर चार तास मिळतात, रात्री नऊनंतर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंतचा वेळ. किमान चार फूट रुंद वाट करावी लागते आणि काढलेला बर्फ रस्त्यावर लोटता येत नाही. फरशीला इजा झाल्याशिवाय निघणार नाही इतका बर्फ घट्ट गोठला असेल, तर त्यावर राख, वाळू किंवा भुसा पसरण्याची मुभा आहे. हवामान निवळले की साफसफाई करायचीच. बॉस्टनमध्ये तीन तास आणि 42 इंच रुंद वाट. शिकागोत वाट पाच फुटांची, आणि घर कोपऱ्यावर असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतारही मोकळा करावा लागतो. मिनियापोलिस एकटी घरे आणि दुहेरी घरांना 24 तास देते, मोठ्या इमारतींना दिवसाचे चारच तास.

घर बंद असणे ही सबब चालत नाही. डिसेंबरात भारतात येणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच शेजाऱ्याला सांगून किंवा कंत्राट देऊन निघावे लागते.

अंमलबजावणी हा या व्यवस्थेचा सर्वांत लंगडा भाग आहे. शहरभरच्या पदपथांवर फिरायला निरीक्षक पुरत नाहीत, त्यामुळे बरेचसे काम तक्रारींवर चालते. डेन्व्हरमध्ये निरीक्षक आधी सूचना लावतो, पुन्हा येऊन पाहतो, मगच दंड करतो. मिनियापोलिसमध्ये पालिकेने करून घेतलेल्या सफाईचे बिल न भरल्यास ते मालमत्ता कराला जोडले जाते. हे सगळे होईपर्यंत बर्फ तुडवला जाऊन दगडासारखा गोठलेला असतो. रांगेतली नऊ घरे साफ आणि दहावे तसेच, तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या दृष्टीने तो अख्खा रस्ता बंदच. त्यातच पालिकेचे नांगर, म्हणजे बर्फ बाजूला लोटणारी यंत्रे, रस्ता साफ करताना कोपऱ्यांवर ढिगारे रचून जातात. मालकाने काढलेली वाट पालिकेनेच बुजवावी, हे मला या व्यवस्थेतले सर्वांत अन्यायाचे वाटते.

दंड आणि नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या अपील न्यायालयाने 2000 मध्ये सांगितले की, उपविधी असला तरी पालिकेच्या पदपथावर कोणी घसरून पडल्यास लगतचा घरमालक सामान्यतः जबाबदार ठरत नाही. न्यूयॉर्क शहराने 2003 मध्ये पदपथावरच्या अपघातांची जबाबदारी लगतच्या मालकांवर टाकली. मालक स्वतः राहत असलेली, एक ते तीन कुटुंबांची निवासी घरे यातून वगळली. बर्फ काढलाच नाही तर धोका नाही, अर्धवट काढला तर खटला होतो, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. तिच्यावर उतारा म्हणून इलिनॉयने 1979 मध्ये कायदा करून घरासमोरची वाट साफ करणाऱ्या निवासी मालकाला संरक्षण दिले. त्याने जाणूनबुजून बेपर्वाई केली असेल तरच दावा टिकतो.

दुसरा मार्ग पालिकेनेच पदपथ साफ करण्याचा. माँट्रियल अरुंद यंत्रे फिरवून तो करते. न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर मोठ्या बर्फानंतर पदपथांवर नांगर पाठवते, पण मालकाची जबाबदारी कायम ठेवते. टोरांटोने 2021 मध्ये यांत्रिक सफाई जवळपास शहरभर नेण्याचे ठरवले. शिकागोच्या नगर परिषदेने 2023 मध्ये अशा सफाईच्या प्रायोगिक योजनेचा आराखडा बनवण्यासाठी कार्यगट नेमायला मान्यता दिली. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी आणि पादचाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली होती.