स्टीव्हन्सची धडक नियमात कशी बसत होती?

मार्च २०१० मध्ये आइस हॉकीच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यात पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सवार्डला बाजूने येऊन थेट डोक्यावर धडक दिली. सवार्डला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. कुकला मात्र ना पेनल्टी (काही मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा) झाली ना बंदी आली. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या माइक रिचर्ड्सने फ्लोरिडाच्या डेव्हिड बूथला असंच आडवं केलं होतं. रिचर्ड्सला त्या सामन्यातून बाहेर काढलं, पण पुढची कारवाई झाली नाही. त्या वेळच्या नॅशनल हॉकी लीगच्या नियमपुस्तकात, खांदा डोक्यावर बसला एवढ्या कारणाने कुणाला दोषी धरण्याची सोयच नव्हती. आरडाओरड झाल्यावर लीगने मोसम चालू असतानाच तात्पुरता नियम आणला आणि २०१०-११ पासून तो ‘नियम ४८’ म्हणून पुस्तकात गेला. तेव्हापासून या विषयावर वाद सुरू झाला, की पाच वर्षं आधीच निवृत्त झालेल्या एका बचावपटूचं नाव हमखास निघतं. तो म्हणजे स्कॉट स्टीव्हन्स.

स्टीव्हन्सचा जन्म १९६४ चा, कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या किचनर गावचा. तिथल्याच किचनर रेंजर्स या ज्युनियर संघाबरोबर त्याने १९८२ मध्ये मेमोरियल चषक जिंकला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन कॅपिटल्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचव्या क्रमांकावर त्याला उचललं. अठराव्या वर्षी तो थेट मोठ्या लीगमध्ये. तोवर एकदाही बाद फेरीत न पोचलेला तो संघ त्याच मोसमात पोचला. श्रेय एकट्या पोराचं नव्हतं, माँट्रियलहून आलेल्या रॉड लँगवेचा त्यात मोठा वाटा होता. पण लँगवेसारख्याच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळणं हेही काही थोडं नाही.

वॉशिंग्टनमधला स्टीव्हन्स नंतरच्या प्रतिमेपेक्षा बराच वेगळा होता. १९८४-८५ मध्ये त्याने २१ गोल केले, तर १९८७-८८ मध्ये गोल आणि पास मिळून ७२ गुण मिळवले. बचावपटूसाठी हे आकडे आक्रमकाला शोभावेत असे. सोबत हाताची खाजही होती. १९८६-८७ च्या एका मोसमात त्याने २८३ मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये काढली. तापट, ताकदवान आणि पक (या खेळातली चेंडूऐवजीची चकती) हाताळण्यात तरबेज असा तो गडी होता. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मात्र त्याला कधीच मिळाला नाही. १९८८ आणि १९९४, दोन्ही वेळा तो मतदानात दुसरा आला आणि दोन्ही वेळा पुढे होता तो बॉस्टनचा रे बोर्क.

पुढची दोन वर्षं बर्फापेक्षा कागदांवर जास्त गाजली. १९९० मध्ये सेंट लुइस ब्लूजने त्याला चार वर्षांसाठी ५१ लाख डॉलरच्या वर रक्कम देऊ केली. बचावपटूला एवढा पैसा तेव्हा ऐकिवात नव्हता. मोबदला म्हणून वॉशिंग्टनला पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट हक्क मिळाले. पुढच्याच उन्हाळ्यात ब्लूजने न्यू जर्सी डेव्हिल्सचा ब्रेंडन शॅनाहान करारबद्ध केला. आता डेव्हिल्सना भरपाई काय द्यायची? ड्राफ्ट हक्क तर आधीच वॉशिंग्टनकडे गहाण. ब्लूजने गोलरक्षक कर्टिस जोसेफ आणि रॉड ब्रिंडामूर देऊ केले, डेव्हिल्सचे व्यवस्थापक लू लॅमोरिएलो यांनी एकच नाव धरून ठेवलं, स्टीव्हन्सचं. लवादाचे न्यायाधीश एडवर्ड ह्यूस्टन यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. सेंट लुइसमध्ये बस्तान बसवलेल्या स्टीव्हन्सला हे अजिबात रुचलं नाही, सराव शिबिरात तो उशिरानेच उगवला. वर्षभराने तोच कर्णधार झाला. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द इथून सुरू होते.

न्यू जर्सीत १९९३ मध्ये जॅक लमेअर प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी मधल्या पट्ट्यात सापळा लावण्याची पद्धत पक्की बसवली. प्रतिस्पर्ध्याने पक घेऊन मैदानाच्या मधून यायचंच नाही, त्याला कडेच्या फळीकडे ढकलत न्यायचं, पास द्यायच्या वाटा बंद करायच्या. प्रेक्षकांना हा खेळ कंटाळवाणा वाटे आणि तसा तो होताही. पण या पद्धतीत एक वाट मुद्दाम उघडी भासायची. उजव्या कडेने निळी रेषा (प्रतिस्पर्ध्याच्या बचाव क्षेत्राची हद्द) ओलांडून एकदम आत, मध्याकडे वळायचं. आक्रमक वळतो तेव्हा त्याची नजर स्टिकच्या टोकाशी असलेल्या पकवर असते, मान खाली. आणि डेव्हिल्सच्या डाव्या बचावाच्या जागी, उलटा सरकत, स्टीव्हन्स त्याच क्षणाची वाट बघत असे.

त्याची धडक जवळून पाहण्यासारखी होती. तो लांबून धावत येत नसे, कारण तसं केलं तर ‘चार्जिंग’ची पेनल्टी. कोपर बाहेर काढत नसे, कारण त्यालाही पेनल्टी. मागे सरकताना तो अंतर मोजत राही, समोरचा आत वळला की दोनतीन पावलं आडवा जाई, गुडघे वाकवलेले, हात अंगाशी, आणि खांदा पुढे. वेग समोरच्याचाच. कबड्डीत मान खाली घालून आत शिरलेल्या चढाईपटूला कोपऱ्यातून डॅश बसतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे पायाखाली बर्फ, अंगावर कडक प्लास्टिकचे खांदे आणि वेग कितीतरी जास्त. स्टीव्हन्सची उंची सुमारे १८८ सेंटिमीटर. वाकून येणाऱ्याचं डोकं बरोबर त्याच्या खांद्याच्या रेषेत यायचं.

१९९५ च्या अंतिम फेरीत, दुसऱ्या सामन्यात, डेट्रॉइटच्या स्लावा कोझलोवला अशी धडक बसली. डेट्रॉइटच्या बाकावरून डिनो सिसारेली काहीबाही ओरडत होता, त्याच्याकडे बघून स्टीव्हन्सने ‘पुढचा नंबर तुझा’ असं सुनावल्याचं प्रसिद्ध आहे. डेव्हिल्सने ती मालिका ४-० अशी जिंकून लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले चषक पहिल्यांदा उचलला.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती २६ मे २००० च्या रात्रीची. पूर्व विभागाची अंतिम फेरी, सातवा सामना, फिलाडेल्फियाचं मैदान. फ्लायर्सचा एरिक लिंड्रॉस २७ वर्षांचा, १९३ सेंटिमीटर उंच, स्टीव्हन्सपेक्षाही धिप्पाड. मेंदूला बसलेल्या हादऱ्यांमुळे तो मार्चपासून बाहेर होता. संघाच्या वैद्यकीय पथकाला दुखणं वेळेत ओळखता आलं नाही असं तो उघड बोलला, तेव्हा त्याचं कर्णधारपद काढून घेण्यात आलं होतं. सहाव्या सामन्यात तो परतला. सातव्याच्या पहिल्याच सत्रात पक घेऊन निळ्या रेषेवरून आत वळला, आणि जबड्यावर खांदा बसला. पडताना डोकं बर्फावर आपटलं. पेनल्टी नाही. मालिकेत १-३ असे मागे पडलेल्या डेव्हिल्सने तो सामना २-१ ने जिंकला, पुढे डॅलसला हरवून चषकही नेला, आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक स्टीव्हन्सला मिळाला. लिंड्रॉस पुढचा अख्खा मोसम खेळला नाही.

२००३ च्या अंतिम फेरीत पाळी आली ॲनाहाइमच्या पॉल कारियाची. सहावा सामना. कारियाने पास दिला होता, पक त्याच्याकडे नव्हता, आणि धडक त्यानंतर किंचित उशिरा आली. तो निपचित पडला. मग श्वास आला आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली, ती टीव्हीवर साऱ्यांनी पाहिली. कारिया आत गेला, त्याच सत्रात परत आला आणि डाव्या बाजूने जोरदार फटका मारून त्याने गोल केला. तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. आज बघताना मला त्या गोलाचीच जास्त भीती वाटते. बेशुद्ध पडलेला माणूस काही मिनिटांत पुन्हा बर्फावर उतरतो आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही! ॲनाहाइमने तो सामना जिंकला, सातवा डेव्हिल्सने ३-० ने. हा त्यांचा तिसरा चषक.

यातल्या लिंड्रॉसच्या किंवा कारियाच्या धडकेला ना पेनल्टी झाली ना बंदी. म्हणून स्टीव्हन्सला ‘घाणेरडा खेळाडू’ म्हणणं मला पटत नाही. कुकसारख्यांची नियमभंगाची यादी लांबलचक होती, स्टीव्हन्सची उलट आखडत गेली. एकेकाळी २८३ मिनिटं शिक्षा भोगणारा हा माणूस २००२-०३ च्या मोसमात फक्त ४१ मिनिटं बॉक्समध्ये होता. नियमाची कड कुठे संपते हे त्याला पंचांइतकंच ठाऊक होतं आणि त्या कडेवर तो रात्रंदिवस उभा राहिला. त्या काळी कॅनडातल्या प्रत्येक पोराला प्रशिक्षक हेच सांगत की मान वर ठेवून खेळ, नाहीतर जे होईल ती तुझी चूक. दोष नेहमी मार खाणाऱ्याचा. ही समजूत एकट्या स्टीव्हन्सची नव्हती, सगळ्या लीगची होती.

त्याच २००३ च्या बाद फेरीत टँपा बेच्या पावेल कुबिनाने मारलेला पक स्टीव्हन्सच्या कानाजवळ आदळला. टाके पडले, तो खेळत राहिला, चषकही उचलला. पुढच्या मोसमात डोकेदुखी सुटेना. ३८ सामन्यांनंतर, जानेवारी २००४ मध्ये, तो थांबला. निदान तेच, मेंदूच्या हादऱ्याचे रेंगाळलेले परिणाम. २००४-०५ चा मोसम मालक-खेळाडूंच्या वादात वाहून गेला आणि सप्टेंबर २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. १,६३५ सामने, ९०८ गुण, २,७८५ पेनल्टी मिनिटं. तोवर कुठलाच बचावपटू इतके सामने खेळला नव्हता. तो बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले आणि खाल्लेले गोल यांचा हिशेब २२ मोसमांत एकदाही उणे गेला नाही. धडकांच्या चित्रफितींत न दिसणारा हाच आकडा त्याच्या खेळाबद्दल सर्वांत जास्त सांगतो.

२००७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. लिंड्रॉस २०१६ मध्ये, कारिया २०१७ मध्ये. सवार्ड २०१० च्या मे महिन्यात परतला, पण जानेवारी २०११ मध्ये पुन्हा हादरा बसला आणि त्यानंतर तो कधी खेळला नाही. नियम ४८ सुरुवातीला फक्त बाजूने किंवा नजरेआडून डोक्यावर होणाऱ्या धडकेपुरता होता, समोरून आलेली धडक त्यातून सुटत होती. २०११-१२ मध्ये ती अट काढली आणि मुख्य आघात डोक्यावर झाला का, तो टाळता आला असता का, हे पाहिलं जाऊ लागलं. बंदीचे ते निर्णय घ्यायला लीगने तेव्हा ज्याला नेमलं तो होता ब्रेंडन शॅनाहान, ज्याच्या बदल्यात वीस वर्षांपूर्वी स्टीव्हन्स न्यू जर्सीला गेला होता.