स्क्रीन दिसते, तेवढ्याने परीक्षा सुरक्षित होत नाही
मराठवाड्यातील शाळा व क्लासेससाठी माहितीपत्रक

सरांच्या टेबलावर तीस मुलांच्या स्क्रीन एकत्र दिसू लागल्या की लॅबचे काम झाले, असे वाटते. मुलाने दुसरा टॅब उघडला हे त्यात दिसते, पण तो उघडण्यापासून कोणी अडवत नाही.

पाहण्यासाठी आम्ही व्हेयॉन हे सॉफ्टवेअर बसवतो. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. त्यात चाव्यांची, म्हणजे स्क्रीन पाहण्याची परवानगी ठरवणाऱ्या दोन फाइलींची, जोडी तयार होते: सार्वजनिक चावी मुलांच्या प्रत्येक संगणकात, खासगी चावी फक्त शिक्षकांच्या. घाईत पेनड्राइव्हने दोन्ही सगळीकडे टाकल्या जातात आणि सगळी गडबड इथेच होते. खासगी चावी हाती लागलेला मुलगा शेजाऱ्याची उत्तरे आपल्या जागेवरून पाहू शकतो. असे झाले असेल तर ती फाइल पुसून भागत नाही, कारण तिची प्रत कुठे गेली ते कळत नाही. नवी जोडी करा आणि जुनी सार्वजनिक चावी सर्व यंत्रांतून काढा.

शिक्षकांच्या स्क्रीनवर एखाद्या मुलाचा चौकोन काळाच राहिला तर त्याच्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये 11100 क्रमांकाचे पोर्ट (व्हेयॉनची जोडणी जिथून होते ती वाट) खुले आहे का ते पाहा. तेही ठीक असेल तर राउटरने यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदललेला असू शकतो. तो बदलणार नाही असा राउटरमध्येच बांधून ठेवा.

अडवण्यासाठी सेफ एक्झाम ब्राउझर लागतो; तो परीक्षेच्या पानाशिवाय दुसरे काही उघडू देत नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात तो तयार झाला. मूडल या ऑनलाइन परीक्षा घेण्याच्या प्रणालीत चाचणीच्या सेटिंगमध्ये तो सक्तीचा करा. बाहेर पडण्याचा पासवर्ड दर परीक्षेला बदला.

लाईट गेली की आपल्याकडे नेमके काय होते? संगणक यूपीएसवर चालू राहतात, पण स्विच आणि राउटर साध्या बोर्डावर असल्याने नेट तुटते. ते दोन्ही आधी यूपीएसवर घ्या. मूडल नेहमीच्या सेटिंगमध्ये दर मिनिटाला उत्तरे जपते, पण नेट असेल तरच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद पडून राहिलेल्या यंत्रांत मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर 2032 सेल संपलेला सापडतो. तारीख मागे जाते आणि परीक्षेचे पान ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणत उघडतच नाही. नेटचा दोष समजून तासभर वाया जातो. आदल्या दिवशी प्रत्येक यंत्राचा प्लग काढून दहा मिनिटांनी लावा, तारीख बघा.

स्क्रीनवर लक्ष ठेवले जाते हे पालकांना आधी लेखी कळवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे. मांडीवरचा मोबाईल मात्र यांपैकी कोणत्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. मोबाईल दाराशीच जमा करून घ्या आणि पर्यवेक्षकांना रांगांतून फिरायला सांगा.